हंडाभर समुद्र

"मॅडम, पट्टेवाला गेला."

भंगाळे मॅडम अजून व्हरांड्याच्या पायऱ्याही चढल्या नव्हत्या. डोक्यावर छत्री, खांद्याला पर्स, कपाळावर देवपूरच्या एप्रिलचा घाम. त्यांना आधी आत येऊ द्यावं, पेलाभर पाणी द्यावं आणि मग सांगावं, असं हिलालने सकाळपासून चारदा ठरवलं होतं. पण वाईट बातमी त्याच्या पोटात कधी राहायची नाही.

"कधी?" मॅडमनी छत्री मिटली.

"सात वाजता कुलूप काढलं तेव्हा कोपऱ्यात उभा होता. म्हणजे तोंड वर, शेपूट खाली. मी पंप बघितला, हवा येत होती. हात धुऊन येतो तोवर आडवा."

"काल काही खाल्लं होतं?"

"परवापासून तोंड लावलं नाही त्याने."

दोघं प्रयोगशाळेत जाऊन टाकीपुढे उभी राहिली. काचेच्या बशीत पट्टेवाला निजवलेला होता. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे अजून तसेच होते, फक्त डोळ्यावर साय धरली होती. नऊ मासे, तीन शंखातले खेकडे आणि एक समुद्रफूल, एवढा संसार बारा दिवसांपूर्वी मुंबईहून रातराणी बसने थर्मोकोलच्या खोक्यात बसून धुळ्याला उतरला होता. खेकडे आणि फूल पहिल्या चार दिवसांतच आटोपले. आता मासे चार उरले होते.

"काय चुकतंय हो हिलालभाऊ?" मॅडम म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्याच, स्वतःशी बोलत होत्या. पण हिलालला ते लागलं.

कारण हिलालच्या हाताला जीव धरतो, अशी त्याची ख्याती होती. हिलाल चिंधा माळी, प्राणीशास्त्र विभागाचा परिचर, नोकरी चोवीस वर्षं. उन्हाळ्याच्या सुटीत अख्खं कॉलेज ओस पडायचं, तेव्हा हा माणूस रोज दुपारी पांझरेचा पूल ओलांडून यायचा आणि बेडकांवर पाणी शिंपडायचा. गप्पी माशांची पिल्लं त्याने इतकी वाढवली की शेवटी नगरपालिकेची माणसं डासांसाठी बरण्या भरून नेऊ लागली. पाय मोडलेलं एक कासव त्याच्याकडे सात वर्षं नांदलं. या हाताला एकच जीव धरला नव्हता, तो म्हणजे त्याची बायको भिकुबाई. दोन उन्हाळ्यांपूर्वी गॅस्ट्रोची साथ आली, त्यात ती गेली. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं होतं. हिलालने लॅबमध्ये द्रावण करतात तसं एकदमच अर्धा हंडा पाणी केलं, लिंबं पिळली आणि दोन दिवस उशाशी बसून चमच्या-चमच्याने पाजलं. ते तिच्या पोटात ठरलंच नाही. आपण करायचं ते सगळं केलं, एवढंच त्याला समाधान होतं, आणि त्या समाधानावरच तो दिवस काढत होता.

तर समुद्र. कॉलेजच्या रौप्यमहोत्सवाच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले होते, आपल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, तेव्हा समुद्रच धुळ्याला आणू. प्राचार्यांना सुचलेली वाक्यं खरी करायचं काम नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. या वेळी ते प्रतिभा भंगाळेंच्या गळ्यात पडलं. बाई रावेरच्या, हुशार, पण नेमणूक वर्षावर्षाची. दर जूनला नवीन पत्र येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला असे. टाकी जमली तर कायम करण्याची शिफारस करू, असं प्राचार्य बोलून गेले होते. टाकी नाही जमली तर काय, हे कुणी बोललं नव्हतं, पण ते सगळ्यांना कळत होतं.

मॅडमनी पुस्तकातून क्षारांची यादी काढली, स्वतः तोलून पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर चिठ्ठी लावली. पद्धत अशी ठरली होती की नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं म्हणजे ब्लिचिंगचा वास उडतो, मग त्यात पुडी विरघळवून रात्रभर मुरू द्यायचं, आणि दर दोन दिवसांनी टाकीतलं थोडं पाणी काढून हे घालायचं. त्यासाठी निळा प्लास्टिकचा ड्रमही नवा आणून दिला होता.

हिलालने त्या ड्रमात नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. प्लास्टिकचा असा उग्र वास! माणूस अशा भांड्यातलं पाणी पिणार नाही, आणि समुद्रातून आलेले पाहुणे पिणार? दुसऱ्या दिवशी तो घरून भिकुबाईचा तांब्याचा हंडा घेऊन आला. चोपड्याहून, तिच्या माहेरून आंदण आलेला. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, भिकुबाई हिलाल. ती गेल्यापासून हंडा रिकामाच होता, एकट्या माणसाला माठ पुरतो. आणायच्या आदल्या दिवशी हिलालने तो आतून-बाहेरून चिंच लावून असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या आईने तेच पाजलं होतं, तिच्या आईनेही. हंडा त्याने मागच्या खोलीत मोरीजवळ ठेवला. एवढ्याशा गोष्टीची मॅडमना काय वर्दी द्यायची, म्हणून बोलला नाही. उलट त्याला एक गंमत वाटत होती. मिठाच्या पाण्याने हंडा आतून आपोआप लखलखत होता, चिंच लावायचीसुद्धा गरज पडत नव्हती.

पट्टेवाला गेला त्या दिवशी मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. त्यांचा स्वभावच तसा होता. घड्याळात दोनदा पाहिल्याशिवाय त्या कुणाला किती वाजले हेही सांगायच्या नाहीत.

"खारटपणा बघू," म्हणून त्यांनी काचेचा तरंगणारा काटा सोडला. बरोबर. लिटमसचा कागद बुडवला. बरोबर. उन्हाने पाणी तापत असेल म्हणून टाकीभोवती ओली गोणपाटं लावलीच होती. थर्मामीटर ठीक होता. लाईट जाऊन पंप बंद पडला होता का? नाही, हिलाल डोळ्यांत तेल घालून बसला होता.

"भांडं स्वच्छ असतं ना पाण्याचं?"

"मॅडम, पिण्याच्या पाण्यासारखं ठेवतो," हिलाल छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"मग घाणच साठत असणार टाकीत. आपण पाणी जास्त बदलू या. रोज दोन बादल्या."

"मासे मरायला लागल्यापासून दोन तर रोज घालतोच. तीन घालू?"

"घाला."

हिलालने तीन घातल्या. मंगळवारी निळा मासा गेला. बुधवारी पिवळा. बुधवारी दुपारी विभागप्रमुख सोनवणे सर टाकीपुढे येऊन, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

"बाई, समुद्र म्हणजे काही आमटी नव्हे, चिमूटभर इकडे आणि चिमूटभर तिकडे चालायला. तुमचं क्षारांचं माप चुकतंय."

"सर, मी प्रत्येक पुडी दोनदा तोलली आहे."

"मग मासे काय हौसेने मरतायत? शनिवारी प्राचार्यांनी बोलावलंय. मला अहवाल द्यायचा आहे. काय झालं ते मला लिहावं लागेल."

सर गेल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि पर्स उचलली. "मी जळगावला जाते. तिथल्या ग्रंथालयात काही सापडतं का बघते. शनिवारी सकाळी थेट इथेच येईन. पुड्या बांधून ठेवल्या आहेत. तेवढे दोन सांभाळा."

"तुम्ही काळजी करू नका," हिलाल म्हणाला. काळजी त्यालाच इतकी लागली होती की जेवण जात नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो जेवायला घरी आला, तर दारात भागाबाई अक्का पिशवी घेऊन बसलेली. त्याची थोरली बहीण. चोपड्याकडे दिलेली, वर्षातून दोनदा भावाची खबर घ्यायला यायची. आल्या-आल्या तिने चूल-भांडी ताब्यात घेतली आणि पाण्याच्या जागेवर नजर टाकली.

"हिलाल, भिकुना हंडा कोठे शे?"

"कॉलेजमा लई जायेल शे, अक्का."

"कॉलेजमा? तठे पानी भराले काही नही शे का?"

"मासासाठे व. समुद्रना मासा उना शेतस. त्यासले मीठनं पानी लागस, ते करीसन ठेवाले."

अक्काचा भाकरी थापणारा हात थांबला. "मीठनं पानी? तांबाना हंडामा?"

"हाऊ. चांगला चिच लाईसन घासेल व्हता."

"तुले कोनी सांगं रे हाई? खारं-आंबट तांबामा ठेवतस का कोठे? ताक ठेवं तरी कळकी जास. लोणचं ठेवं ते जहर व्हई जास." अक्का हसायला लागली. "मानूस कितला बी शिकना तरी त्याले घरमधलं काय समजस! भिकु ऱ्हाती ते हात नही लावू देती तुले."

हिलाल ताटावर बसला होता. घास हातात तसाच राहिला. कळकणं त्याला माहीत होतं. लहानपणी पितळीत राहिलेलं ताक हिरवट झालेलं त्याने पाहिलं होतं आणि आईने ते गुरांनाही न देता उकिरड्यावर ओतलं होतं. पण ते घरातलं माहीत असणं होतं, बायकांचं. लॅबमध्ये जाताना ते त्याच्याबरोबर कधी गेलं नव्हतं. आधी खेकडे गेले, मग मासे. जितकं जास्त पाणी घातलं तितके पटापट गेले.

मग एकदम त्याला दुसरंच काहीतरी आठवलं. मीठ. साखर. लिंबू. हंडा तोच.

"काय व्हयनं रे?" अक्का म्हणाली. "जेव ना."

"काही नही," हिलाल म्हणाला. "मासासना याद उनी." आणि तो हात धुऊन, टळटळीत उन्हात, टोपी न घालता कॉलेजकडे निघाला.

हंड्याच्या काठाला आतून पाण्याच्या रेषेवर हिरवा पट्टा धरला होता. एवढे दिवस त्याने वरून फक्त लखलखाट पाहिला होता. त्याने हंड्यातल्या पाण्याला हात लावला नाही. निळा ड्रम ओढून आणला, सोड्याने तीनदा धुतला, उन्हात ठेवला, आदल्या दिवसापासून बादल्यांत उघडं असलेलं पाणी भरून पुडी विरघळवली. शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी त्याने टाकीतलं निम्मं-निम्मं पाणी बदललं. शुक्रवारी एक मासा गेलाच. नारिंगी तेवढा तळाशी श्वास टाकत राहिला.

रसायनशास्त्राचा परिचर तोताराम त्याचा जुना मित्र. हंड्यातलं थोडं पाणी त्यानेच आटवून पेलाभर केलं, म्हणजे त्यात काही उतरलं असेल तर ते नीट दिसेल; ड्रममधलंही तसंच केलं.

"काय बघायचं आहे?" तोतारामने विचारलं.

"माझा गुन्हा," हिलाल म्हणाला.

शनिवारी प्राचार्यांच्या खोलीत सोनवणे सरांचा अहवाल टेबलावर होता आणि मॅडम समोर उभ्या होत्या. बसा म्हणायला कुणाला सुचलं नव्हतं. जळगावच्या बसची धूळ अजून त्यांच्या चपलांवर होती. हिलाल दार लोटून आत आला, तेव्हा त्याच्या हातात परीक्षानळ्यांचं स्टँड होतं.

"साहेब, मॅडमचं माप चुकलेलं नाही. पाणी मी ड्रममध्ये ठेवलंच नाही. माझ्या घरच्या तांब्याच्या हंड्यात ठेवलं. तांबं उतरलं त्यात. मासे मी मारले."

मॅडमनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"हिलाल, तू मध्ये पडू नकोस," सोनवणे सर म्हणाले. "बाईंनी सांगितलं का असं बोलायला?"

"मॅडमना माहीतच नाही सर. त्या आत्ता गाडीतून उतरल्या. आणि बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. तुम्हीच बघा. तांबं असलं तर अमोनियाने पाणी निळं होतं." त्याने दोन्ही नळ्यांत अमोनियाचे थेंब सोडले. दोन्हींच्या तळाशी क्षारांचा पांढरा गाळ बसू लागला. ड्रमच्या नळीत वरचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. हंड्याच्या नळीत ते निळं झालं. स्वच्छ, सुंदर निळं. समुद्र असाच दिसत असेल, असं त्या वेळीसुद्धा हिलालच्या मनात येऊन गेलं. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

मग प्राचार्यांनी अहवालाचा कागद उचलला आणि सोनवणे सरांच्या हातात परत दिला.

सोमवारी हिलालला मेमो मिळाला. त्यात एक शब्द होता, निष्काळजीपणा. चोवीस वर्षांत पहिलाच मेमो, तोही निवृत्तीला सात महिने उरलेले असताना. त्याने खाली वळणदार अक्षरात सही केली. त्याला राग आला नाही. पण काळजी करून-करून जे केलं त्याला निष्काळजी म्हणतात, हे वाचताना त्याला फार वाईट वाटलं.

नारिंगी जगला. बुधवारपर्यंत तो मधोमध आला, गुरुवारी त्याने सुकटीचा चुरा खाल्ला. मॅडम टाकीला नाक लावून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"बघा हो हिलालभाऊ, खातोय! पाणी बदललं आणि सुटला बिचारा. वेळेत कळलं म्हणून."

"हो," हिलाल म्हणाला. "वेळेत कळलं."

तो बराच वेळ फडकं हातात घेऊन टेबल पुसत राहिला. तेच टेबल, तीच जागा.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"मीठ-साखरेचं पाणी. लिंबू पिळलेलं. तांब्याच्या हंड्यात दोन दिवस ठेवलं, आणि आजारी माणसाला पाजलं. तर?"

मॅडम वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. त्यांचं पेन थांबलं. भिकुबाई गेली तेव्हा त्या घरी येऊन गेल्या होत्या. हिलालने उशाशी बसून काय-काय केलं हे त्याने त्यांना तेव्हा दोनदा सांगितलं होतं.

"काही होत नाही," त्या म्हणाल्या. "मासे वेगळे, माणूस वेगळा. वहिनींना गॅस्ट्रो होता हिलालभाऊ. त्या त्यानेच गेल्या. तुम्ही मनात काही आणू नका."

त्यांनी पुस्तक उघडलं नाही. नळी मागितली नाही. बघून सांगते, असंही म्हणाल्या नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा बाईंनी न बघता उत्तर दिलं होतं. हिलालला ते कळलं, आणि आपल्याला कळलं हे त्याने त्यांना कळू दिलं नाही. एवढं तरी त्यांच्यासाठी करायला हवं होतं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "जिवाला लागलं होतं."

संध्याकाळी तो हंडा खांद्यावर घेऊन पूल उतरला. अक्का आदल्या आठवड्यातच चोपड्याला परत गेली होती. घरी त्याने चिंच भिजवली आणि हिरवा पट्टा निघेपर्यंत घासत बसला. ठिपक्यांचं नाव उजळलं.

सकाळी नळाला पाणी आलं. माठ भरून झाल्यावर त्याने हंडाही भरला, तांब्या बुडवला आणि पाटावर बसून प्याला. पाणी गोड होतं, भिकुच्या वेळी लागायचं तसंच. आजारात दुसऱ्या दिवशी ते लिंबाचं पाणी पिताना तिने तोंड वाकडं केलं होतं. "कसंतरीच लागस हो," म्हणाली होती. आणि त्याने, औषध समजून घे, असं समजावून, तिचं डोकं मांडीवर घेऊन आणखी चार चमचे पाजले होते.

त्याने हंडा मोरीत ओतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि त्याच्या जागेवर पालथा घातला.